पाऊस फिरून येतो, मग खत दरवर्षी विकत का आणायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही इंदूरच्या शाळेत विज्ञान शिकवता. जलचक्र झालं, नत्रचक्र (नायट्रोजनचं) झालं, आणि सांवेरकडून येणारा एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, पाणी फिरून परत येतं, नत्र फिरून परत येतं, सगळंच परत येतं, तर आमचे बाबा दरवर्षी डीएपी खताच्या गोण्या कशाला आणतात?" वर्ग हसला. पीक जमिनीतला कस ओढून घेतं, असं तुम्ही सांगितलंत. पण त्याचं समाधान झालं नाही आणि खरं म्हणजे तुमचंही नाही. त्यालाच जोडून तुम्ही विचारलंय, की ही द्रव्यं इतकी चांगली, तर ती सिरपूरच्या तलावात गेली की पाणी हिरवं होऊन मासे का मरतात?

मी तीस वर्षं माती तपासली. शेतकऱ्यांनी पिशवीत बांधून आणलेली, कधी औषधाच्या डब्यात भरून आणलेली. तुमच्या पोराने बोट अगदी बरोबर जागी ठेवलंय. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात सगळी चक्रं सारखीच गोल आणि सगळे बाण सारखेच जाड काढलेले असतात. घोळ तिथेच होतो. पाण्याचं चक्र आहे तसं स्फुरदाचं, म्हणजे फॉस्फरसचं, नाही.

वर्गात हे दाखवायला एक जुना तवा पुरे. बोअरिंगचं पाणी तव्यावर ओता आणि आटू द्या. पाणी उडून जाईल आणि खाली पांढरा थर राहील. तोच थर आपल्या गीझरमध्ये साचतो, बादलीच्या कडेला चिकटतो. जे वाफ किंवा वायू होऊ शकतं ते आकाशमार्गे आपलं आपण परत येतं. जे होऊ शकत नाही ते फक्त उताराने जातं, आणि उतारावरून वर आणायला कुणाचे तरी पाय लागतात. पाणी उडतं. कार्बन उडतो. नत्र उडतो, पण परत उतरताना फार नखरे करतो. स्फुरद, पालाश (पोटॅशियम), चुना, जस्त यांना पंखच नाहीत. पोराच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. आता ते आपल्या माळव्यात कसं दिसतं ते सांगतो.

पाण्याचं आधी उरकतो, कारण ते सगळ्यांना माहीत असतं. इंदूरला वर्षाला साधारण ९० ते १०० सेंटिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. एक सेंटिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर एक लाख लिटर पाणी. ९५ सेंटिमीटर धरले तर एका हेक्टरवर ९५ लाख लिटर. आपली काळी माती, म्हणजे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकाची झालेली झीज, मीटरभर खोलीत पिकाच्या उपयोगाचं पंधरा-वीस लाख लिटर धरून ठेवते. 'डग डग रोटी, पग पग नीर' ही म्हण या मातीच्या पोटावर उभी आहे. पूर्वी इथे पावसाळ्यात शेतं रिकामी ठेवायचे, माती पाणी पिऊन घ्यायची, आणि त्या ओलीवर एक थेंबही न देता बाफल्यांचा (माळव्यातल्या भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा) कठिया गहू निघायचा. आता खरिपात सोयाबीन आलं आणि गहू बोअरिंगवर गेला, तो भाग वेगळा.

उरलेल्यातलं काही वाहून जातं, काही खाली मुरतं, आणि बरंचसं झाडं-पिकं पानांवाटे हवेत सोडतात. गव्हाच्या काड-दाण्याचं एक किलो कोरडं वजन तयार व्हायला चार-पाचशे लिटर पाणी रोपातून वर जातं. हे पाणी हमाल आहे. मातीत विरघळलेला नत्र, चुना, गंधक मुळापर्यंत आणून टाकतं आणि स्वतः पानाच्या छिद्रातून निघून जातं. हवेतली वाफ सरासरी आठ-दहा दिवसांत कुठेतरी पाऊस होऊन उतरते. इतकं झटपट फिरणारं दुसरं काही नाही. म्हणून पाण्याचं उदाहरण घेऊन बाकीची चक्रं शिकवू लागलं की मुलं फसतात.

इथे इंदूरची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण विंध्याच्या कण्यावर बसलोय. महूजवळच्या जानापाव डोंगरावरून चंबळ उत्तरेला जाते, आणि तिथून जवळच पाताळपाणीला कोसळणारी चोरल नदी दक्षिणेला नर्मदेत. आपल्या नळाला १९७८ पासून नर्मदा येते, जलूदहून सत्तरेक किलोमीटर, पंपांनी चढवत. नर्मदा पश्चिमेला अरबी समुद्रात जाणारी. ते पाणी आपण पितो, त्यात आंघोळ करतो, आणि सोडतो कुठे? कान्ह नदीत. कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेत, क्षिप्रा चंबळमध्ये, चंबळ यमुनेत, यमुना प्रयागला गंगेत. म्हणजे अरबी समुद्राचं पाणी आपण बंगालच्या उपसागराला पाठवतो, आणि त्याबरोबर माळव्याच्या शेतातला कसही. पाण्याचं विशेष नाही, ढग दोन्ही समुद्रांवरून येतात. पण त्या पाण्याबरोबर गेलेला स्फुरद ढगात बसून परत येत नाही. मुलांना नकाशावर बोट फिरवून ही वाट शोधायला लावा. राजवाड्याजवळ कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी सुरू करून बंगालच्या उपसागरापर्यंत. कुठल्याही आकृतीपेक्षा ते जास्त लक्षात राहील.

आता नत्र. हवेत दर पाच भागांत जवळजवळ चार भाग नत्रच. एका हेक्टरच्या डोक्यावर हिशोबाने ७५ हजार टन नत्र तरंगतोय, आणि खाली पीक नत्रावाचून पिवळं पडलेलं. त्याच्या दोन अणूंची जोडी इतकी घट्ट की ती फोडणं येरागबाळ्याचं काम नाही. आकाशातली वीज थोडी फोडते, वर्षाला हेक्टरी जेमतेम काही किलो. खताचा कारखाना प्रचंड दाब आणि उष्णता लावून फोडतो, त्याचा युरिया होतो. आणि सोयाबीनच्या मुळाच्या गाठीत बसलेले जिवाणू ते काम बिनआवाजाने करतात. ऑगस्टच्या मध्यात सोयाबीनचं एक रोप हळूच उपटून आणा, गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल दिसलं तर कारखाना चालू आहे. हिरवट किंवा पांढरी दिसली तर बंद. तो लाल रंग आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याच्या जवळच्या नात्यातला आहे, कामही तसंच, प्राणवायू धरून ठेवायचा. मुलांना हे फार आवडतं.

पण इथे एक गैरसमज आहे आणि तो मी स्वतः तरुणपणी सभांमधून पसरवलेला आहे, म्हणून सांगतो. 'सोयाबीन जमिनीला नत्र देतं.' थोडं थांबा. सोयाबीनच्या दाण्यात जवळजवळ चाळीस टक्के प्रथिनं असतात. हेक्टरी दहा क्विंटल दाणा निघाला की त्यात साठ-पासष्ट किलो नत्र मंडीत गेला. रोपाला लागणाऱ्या नत्रापैकी साधारण अर्धा, फार तर थोडा जास्त, गाठींतून येतो, बाकीचा मातीतलाच. पिकल्यावर पानं गळतात, मुळं कुजतात, त्यातून काही परत मिळतं. जमाखर्च मांडला तर बहुतेक शेतांत शिल्लक शून्याच्या आसपास येते, कधी उणे. हिरवळीच्या खताला ताग पेरून गाडणं वेगळं आणि सोयाबीन काढून विकणं वेगळं. सोयाबीन स्वतःच्या जेवणाचा बराचसा खर्च स्वतः करतं एवढं म्हणा, दान करतं असं म्हणू नका.

नत्र पळतो ते दोन वाटांनी. श्रावणात शेतात पाणी साचलं की काळ्या मातीतला प्राणवायू संपतो. मग जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात आणि नत्र वायू होऊन उडतो. शेतकरी म्हणतो, युरिया धुऊन गेला. प्रत्यक्षात बऱ्याचदा तो उडून गेलेला असतो. दुसरी वाट खाली. नायट्रेटला मातीचा कण धरून ठेवत नाही, कारण दोघांवरही ऋण भार. ते पाण्याबरोबर मुरतं आणि विहिरीत जातं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावं, असा आपला मानक सांगतो. तान्ह्या मुलांना ते बाधतं, रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते. मुलाच्या घरी शेतातली विहीर असेल तर एकदा तपासून घ्यायला सांगा.

मग जंगलाला खत का लागत नाही? हा प्रश्न तुमचा पोरगा पुढच्या आठवड्यात विचारणारच. त्याला चोरलच्या बाजूला सागाच्या रानात घेऊन जा, फेब्रुवारी-मार्चमध्ये. सागाचं पान गळण्याआधी पिवळं पडतं, कारण झाड पान टाकण्यापूर्वी त्यातला माल परत काढून घेतं. नत्र आणि स्फुरद जवळजवळ निम्मा. घर सोडताना भाडेकरू बल्बसुद्धा काढून नेतो ना, तसं. उरलेलं पान खाली पडतं, वाळवी-बुरशी-जिवाणू ते फोडतात, पहिल्या पावसात एकदम कामाला लागतात. पहिल्या सरीचा जो वास येतो तो याच मंडळींपैकी काहींनी तयार केलेल्या द्रव्याचा. आणि सुटलेलं अन्न खाली जायच्या आत झाडाची वरवरची मुळं ते उचलतात. गळती अगदी थोडी, आणि तेवढी खडकाची झीज आणि उडत आलेली धूळ भरून काढते.

अमेरिकेत न्यू हॅम्पशरमध्ये हबर्ड ब्रूक नावाचं जंगल आहे. तिथे १९६५-६६ च्या हिवाळ्यात शास्त्रज्ञांनी एका ओढ्याच्या पाणलोटातली सगळी झाडं मुद्दाम तोडली आणि नवीन काही उगवूच दिलं नाही. पहिल्याच वर्षी ओढ्यातून वाहणारं पाणी सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढलं, कारण पानांवाटे उडवणारं कुणी उरलं नव्हतं. आणि त्या पाण्यातलं नायट्रेट चाळीसपट झालं. माती तीच, पाऊस तोच. चक्र फिरवणारा हात काढून घेतला एवढंच.

आता मुख्य गोष्ट, स्फुरद. तो वायू होत नाही. येतो खडकातून, जातो समुद्राच्या तळाशी, आणि तिथून परत वर यायला तळाचा डोंगर व्हावा लागतो. त्याला कोट्यवधी वर्षं लागतात. आपल्या शेजारी झाबुआत मेघनगरकडे जो स्फुरदाचा दगड खणून काढतात, तो असाच एका फार जुन्या समुद्राचा गाळ. देशाची गरज मात्र त्यातून भागत नाही, दगड आणि खत दोन्ही बाहेरून येतात, आणि जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के मोरोक्को आणि पश्चिम सहाराकडे. तुमच्या वर्गातल्या त्या मुलाच्या बाबांच्या गोणीत अशी दूरची गोष्ट भरलेली असते.

आता हिशोब करू. पोराला वहीत करायला लावा, फार मजा येते. हेक्टरी चाळीस क्विंटल गहू निघाला तर दाण्यांतून बारा ते चौदा किलो स्फुरद शेताबाहेर जातो. दहा क्विंटल सोयाबीनमधून पाच-सहा किलो. दोन्ही हंगाम मिळून अठरा-वीस किलो. डीएपीत निव्वळ स्फुरद वजनाच्या वीस टक्के. म्हणजे पन्नास किलोच्या दोन गोण्या. बाबा ज्या दोन गोण्या आणतात त्या छावणीच्या मंडीत ट्रॉलीतून गेलेल्या दोन गोण्या आहेत, फक्त वेगळ्या कापडात बांधलेल्या. हे मी एका शेतकऱ्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे साहेब, मी गव्हाच्या भावात खतही विकतोय." याहून चांगलं मला कधी मांडता आलेलं नाही.

त्यात आपल्या मातीचा स्वभाव असा, की तिच्यात चुना भरपूर. घातलेला स्फुरद चुन्याशी बांधला जातो आणि पहिल्या वर्षी त्यातला पंधरा-वीस टक्केच पिकाच्या हाती लागतो. बाकीचा हरवत नाही, मुदत ठेवीत जातो. ती ठेव मोडायला मुळांभोवतीची बुरशी लागते. तिचे धागे मुळाच्या पलीकडे पोचतात, आणि जिथे स्फुरद स्वतःहून वर्षभरात बोटभरही सरकत नाही तिथून तो घेऊन येतात. मातीत सेंद्रिय अंश नसेल तर ही मंडळी राहत नाहीत. प्रयोगशाळेत 'उपलब्ध स्फुरद कमी' असा शेरा मी माती तपासणीच्या हजारो कार्डांवर मारला असेल. आज वाटतं, त्यांतल्या कितीतरी कार्डांवर 'ठेव आहे, चेकबुक नाही' असं लिहायला हवं होतं.

मंडीतला गहू शहरात आला. आपण खाल्ला. मोठ्या माणसाच्या शरीरात स्फुरद साठत नाही, जेवढा आत तेवढा बाहेर. आपल्याकडच्या जेवणात माणशी वर्षाला साधारण ४०० ग्रॅम, त्यातला मोठा वाटा लघवीतून. २०११ च्या जनगणनेत इंदूर शहर वीस लाखांच्या घरात होतं; आता जास्त असेल, पण तोच आकडा धरा. वीस लाख गुणिले ४०० ग्रॅम म्हणजे आठ लाख किलो, ८०० टन स्फुरद. डीएपीत मोजला तर ४००० टन, म्हणजे ८० हजार गोण्या. दरवर्षी. हे सगळं मलवाहिन्यांत जातं. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या नेहमीच्या प्रकल्पाचं मुख्य लक्ष्य दुर्गंधी आणि कुजणारा कार्बन. स्फुरद थोडा गाळात बसतो, बाकीचा निवळ दिसणाऱ्या पाण्याबरोबर पुढे जातो. पाणी स्वच्छ दिसणं आणि पाण्यात स्फुरद नसणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

इथे सिरपूरचं उत्तर सापडतं. तलावातल्या शेवाळाला पाणी, ऊन, कार्बन सगळं मुबलक असतं. अडतं ते बहुधा स्फुरदावर. शेवाळाच्या अंगात शंभरातला एक भागही स्फुरद नसतो, म्हणून एक किलो स्फुरद तलावात आला की शंभर किलोच्या वर, तेही कोरड्या वजनाचं, शेवाळ उभं राहू शकतं. चिमूटभर मिठाने वरण खारट व्हावं, तसला प्रकार. दिवसा ते शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री मात्र सगळे मिळून तो ओढतात, आणि मेलेलं शेवाळ तळाशी कुजताना उरलासुरलाही संपवतं. मासे पहाटे मरतात ते म्हणून; ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे जास्त. त्यावर कडी म्हणजे तळाचा प्राणवायू संपला, की गाळात लोहाने बांधून ठेवलेला जुना स्फुरद सुटून पुन्हा वर येतो. म्हणून नाला वळवला तरी तलाव लगेच सुधारत नाही. पंधरा वर्षांची उधारी गाळात असते, ती तो हप्त्याहप्त्याने वसूल करतो. सिरपूर आणि यशवंत सागर हे दोन्ही तलाव २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेले, फार चांगलं झालं, पण यादीने गाळ निघत नाही. उपाय म्हणजे स्फुरद येऊ न देणं आणि आलेला उचलून बाहेर काढणं, गाळाच्या रूपात किंवा जलकुंभीच्या, म्हणजे जलपर्णीच्या. काढलेल्या जलकुंभीचं खत उत्तम होतं. मात्र नाल्यात कारखान्याचं पाणी मिसळत असेल तर नको. ती वनस्पती जड धातूही तितक्याच आवडीने खाते.

आता वर वाहून आणणारे पाय. पूर्वी ते गुरांचे होते. दिवसभर गायरानात, रानात चरायचं आणि रात्री गोठ्यात येऊन शेण टाकायचं. म्हणजे शंभर एकरांवरचा विखुरलेला कस रोज संध्याकाळी चालत गावात यायचा. पक्षीही हे करतात. दिवसभर शेतात किडे टिपून संध्याकाळी एकाच झाडावर उतरणाऱ्या बगळ्यांच्या झाडाखालची माती कधी तपासा. पण मग आपण त्या शेणाचे कंडे, म्हणजे गोवऱ्या, थापतो. बाफले कंड्यांवरच खरे, त्याला माझी हरकत नाही. फक्त काय जळतं ते पाहा. कार्बन गेला, तो हवेतून परत मिळेल. नत्रही गेला, तो सहज परत मिळणार नाही. स्फुरद आणि पालाश राखेत राहिले, आणि ती राख भांडी घासून मोरीतून कान्हेत. गोबरगॅसमध्ये बरोबर उलटं होतं: फक्त कार्बन आणि हायड्रोजन वायू होऊन जळतात, जे आकाश फुकट परत देतं, आणि नत्र-स्फुरद-पालाश सगळं रबडीत शिल्लक. देवगुराडियाला २०२२ मध्ये सुरू झालेला ५५० टन रोजचा ओल्या कचऱ्याचा प्रकल्प याच तत्त्वावर आहे. लोक त्यातल्या गॅसवर चालणाऱ्या बसचं कौतुक करतात. माझ्या मते खरा माल मागे राहणारं खत आहे. ते सांवेर-देपालपूरच्या शेतापर्यंत किती पोचतं, यावर त्या प्रकल्पाची परीक्षा व्हावी. अर्थात हा भाजीच्या देठांचा हिशोब झाला. ८० हजार गोण्यांचा मोठा भाग अजून नळीतच आहे.

हे काम इंदूरने जगाला शिकवलं, हे मात्र इंदूरच्या मुलांना कुणी सांगत नाही. १९२४ मध्ये इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इथे आले. होळकर दरबाराने ३०० एकर जमीन दिली, तिथे वनस्पती-संशोधनाची संस्था उभी राहिली. आजचं कृषी महाविद्यालय त्याच परिसरात आहे. काम कापसावर करायचं होतं, पण हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचं लक्ष लागलं उकिरड्याकडे. पऱ्हाटी, तुरीच्या काड्या, पालापाचोळा, गवत, सगळं शेतातलं. कठीण काड्या ते शेतातल्या रस्त्यावर पसरायचे, बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप ठेचल्या जायच्या. गोठ्यातली मुताने भिजलेली माती खरवडून घ्यायचे, कारण जनावराच्या मुतातला नत्र लोक वाया घालवतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं. काडीकचऱ्याचे थर, शेण, ती माती, लाकडाची राख, पाणी, तीनदा उलथणं, आणि तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत. सुरुवातीला एका भाग नत्राला तीसेक भाग कार्बन हवा, हे सूत्रही तिथेच पक्कं झालं. १९३१ मध्ये दोघांच्या नावाने पुस्तक निघालं आणि 'इंदूर पद्धत' जगभर चहाच्या आणि कॉफीच्या मळ्यांत गेली. पुढे वाडांनी जॅक्सन यांच्याबरोबर वस्तीतल्या मैल्याचं असंच खत करण्यावरही काम केलं. म्हणजे नळीतल्या गोण्यांचा विचार याच गावात नव्वद वर्षांपूर्वी झाला होता.

हे सगळं पाठ असूनही राजेंद्रनगरच्या घरी मी केलेला पहिला खड्डा फसला. नुसती निंबाची पानं दाबून भरली, शेण नाही, ओल नाही. सहा महिन्यांनी उघडलं तर पानं पापडासारखी जशीच्या तशी. बायको म्हणाली, लोणचं छान मुरलंय. दुसऱ्या वर्षी शेण घातलं पण खड्डा पावसाळ्यात भरला. त्यात पाणी साचलं आणि शेजाऱ्यांनी आठवडाभर खिडक्या उघडल्या नाहीत. पावसाळ्यात खड्डा नको, जमिनीवर ढीग करावा, हे हॉवर्डांनी स्पष्ट लिहून ठेवलेलं. मी ते वाचलेलंही होतं.

नरवाईबद्दल, म्हणजे कापणीनंतर शेतात उरणाऱ्या खुंट-काडाबद्दल, एक शब्द, कारण मुलं विचारतील. गव्हाची नरवाई जाळली की कार्बन आणि जवळजवळ सगळा नत्र जातो, गंधकाचा बराच भाग जातो, वरच्या थरातले जीव भाजतात. पण स्फुरद-पालाश बहुतांशी राखेत शेतातच राहतात. उलट जो शेतकरी जाळत नाही आणि सगळं भूस विकतो, त्याच्या शेतातून हेक्टरी पन्नासेक किलो पालाश ट्रॉलीत जातो. जाळणं वाईटच, धुराने तर फारच. तरी विकणारा आपोआप पुण्यवान ठरत नाही. आपल्या काळ्या मातीत पालाश भरपूर आहे म्हणून अजून कुणाला जाणवत नाही. जस्त आणि गंधकाची चणचण मात्र कार्डांवर दिसू लागली आहे.

शाळेत करायचं झालं तर असं करा. निंब फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतो, तेव्हा झाडणारे मामा तो पेटवायच्या आत पोती भरून घ्या. दोन-अडीच फूट खोल खड्डा. वीतभर पानं, त्यावर शेणकाला आणि मूठभर बागेची माती, जमलं तर डब्यातलं उरलेलं अन्न, पुन्हा पानं. पिळल्यावर एक-दोन थेंब सुटतील इतकीच ओल. पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी उलथा. जूनच्या आधी खड्डा रिकामा झाला पाहिजे. मधोमध एक लोखंडी गज खुपसून ठेवा आणि रोज एका मुलाला तो काढून हात लावून पाहायला सांगा. पहिल्या आठवड्यात गज हातात धरवत नसेल तर काम चालू आहे. गारच लागला तर शेण कमी पडलंय किंवा पाणी, मला कळवा.